पुढच्या रांगेत काय ऐकू आलं

…अहो सर, त्या खोक्याला हात नका लावू, वरचा भोंगा कलंडेल. बसा आधी. तिथे नाही, त्या वायरींवर नाही, तो स्टूल घ्या — झटका जरा, धूळ असेल. हं. सांगा आता. रविवारी सभा, मैदानात, ‘नदी वाचवा’. चार भोंगे, दोन माईक, एक उभा आणि एक हातात धरायचा. मिळेल की! न मिळायला काय झालं? मागच्या आठवड्यात सिमेंटवाल्याने सभा घेतली, ‘धरण झालंच पाहिजे’, त्याला हेच भोंगे दिले होते. आता यातूनच तुम्ही ओरडा, ‘होऊ देणार नाही’. पत्र्याला काय कळतंय? — तोंड वाकडं करू नका, सर. गावात दुसरा माईकवाला असता तर तुम्ही माझ्या दुकानाची पायरी चढला नसता, मला माहितीये. चहा पाजला असता, पण घरात कोणी नाहीये सध्या. माहेरी गेलीय. चार दिवस. तिच्या आईचं बरं नसतं मधूनमधून. तर काय सांगत होतो?

भाषणं. तुमच्या सभेत कोण काय बोलणार ते मला सांगूच नका, मला पाठ आहे. या धरणावर इतकं ऐकलंय मी, की झोपेतून उठवलं तरी दोन्ही बाजूंनी बोलेन, न अडखळता. धरणवाले कसे सुरू होतात? ‘मित्रहो’ — आणि लगेच पाणी पितात. बाटलीतलं. घसा ओला केला की बोलायचं काय, तर गावाला प्यायला पाणी नाही! मग कोरडे नळ, मग टँकर, मग डोक्यावर हंडे घेतलेल्या आयाबहिणी — या सिमेंटवाल्याच्या घरात हंडा असेल तर तो कोपऱ्यात शोभेला ठेवलेला असेल. मग वीज. मग कारखाने येतील, बाहेर गेलेली पोरं परत येतील — कशी येतील? याचा स्वतःचा पोरगा बापाला फोन करत नाही, तो धरण बघायला येणारे? आणि सगळ्यात शेवटी पूर. पुराबद्दल एकच वाक्य. जाता जाता. ज्याच्या घरात पाणी शिरलं नाही त्याला एका वाक्यात पूर उरकता येतो.

आणि तुमचे लोक! रागावू नका, तुम्ही शाळेत शिकवता, तुम्हाला ऐकून घ्यायची सवय नसते, पण ऐका. तुमचे लोक नदीला आई म्हणतात. बरं. मग आईच्या अंगावर सगळ्या गावाचं गटार सोडलंय, त्यावर कधी एक सभा घेतलीत? भोंगे मागायला तर कोणी आलं नाही. ते प्राध्यापक तुमचे — विद्वान माणूस, नाही म्हणत नाही — मासे अंडी घालायला वर जातात, भिंत घातली की भिंतीवर डोकं आपटून मरतील. गाळ वरच्या वर अडेल, खालची शेतं रोडावतील. उन्हाळ्यात धरणाखाली नदी म्हणून ओले दगड उरतील. खरं असेल. खरंच असेल हो, मी कुठे खोटं म्हणतोय? पण ते सांगायचं किती वेळ? तेवढ्या वेळात माणूस गळ टाकून, मासा पकडून, भाजून, खाऊन, हात धुऊन परत येईल. आणि हे स्वतः माशाच्या वासाने नाकाला रुमाल लावतात! मी पाहिलंय ना, बाजाराच्या कोपऱ्यावर. माशांचे एवढे कैवारी, आणि टोपलीजवळून जाताना रस्ता बदलतात.

तुम्ही राहता कुठे, सर? टेकडीवर. बरोबर. प्राध्यापक? टेकडीवर. सिमेंटवाला? तोही टेकडीवरच — तिथे मात्र तुम्ही सगळे शेजारी, सकाळी एकमेकांना नमस्कार करता. मी राहतो इथे. ही मागची भिंत बघा. तो पट्टा दिसतो? रंग दिला, पुन्हा दिला, तरी वर येतो. तिथवर पाणी होतं. या दुकानात. तेव्हा मला कोणी धरण हवं का नको असं विचारलं तर मी काय सांगणार? घाला भिंत. उद्या घाला. माशांचं मासे बघतील.

पण वर — वर माझी सासू राहते. वरच्या गावात, काठावर, म्हणजे दारातून दगड टाकला तर पाण्यात पडेल. ते घर जाणार. घरच काय, शेत, वाट, सगळं. नवीन वसाहतीत घर देतायत तिला, पक्कं, नळाचं. तर म्हातारी म्हणते, नळ नको. का? तर म्हणे, नळाचं पाणी बंद करायला लागतं, मला त्याची सवय नाही. आता या बाईशी काय बोलायचं, सांगा! सगळा जन्म वाहत्या पाण्यात हात धुतले, आता तोटी पिळायची म्हटलं तर हिच्या जिवावर येतं. आणि जीभ? लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा विचारते, ‘जावईबापू, तुमचं काम म्हणजे लोकांचं ओरडणं भाड्याने द्यायचं, होय ना?’ सगळ्यांसमोर. ही हसली. माझी बायको. पदर तोंडाला लावून हसली, पण हसली. मी म्हटलं, होय, आणि लोक घेतात. — घेतातच की. तुम्ही नाही आलात?

नाही, आता तुम्ही म्हणाल हा दोन्हीकडचे पैसे घेतो आणि दोन्हीकडच्यांना नावं ठेवतो. घेतो. ठेवतो. दोन्ही कामं मन लावून करतो. आणि मी पक्षपाती नाही हं. धरणाच्या सरकारी सुनावणीत सुद्धा — तुम्ही होतात ना सुनावणीला? होतात, मी पाहिलं, पुढच्या रांगेत, अगदी साहेबांच्या टेबलासमोर. तिथे सगळा आवाज माझा होता. मुद्दाम बोलावून घेतलं होतं मला सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी आदल्या दिवशी. सोनेरी काडीचा चष्मा, मऊ बोलणं. म्हणाले, लोकांना पुरेसा वेळ द्यायचाय, पण वेळ तर थोडा आहे. बोलणाऱ्याला मध्येच थांबा म्हटलं की वाईट दिसतं, ओरडाआरडा होतो, पेपरात येतं. काही करता येईल का? मी म्हटलं, साहेब, तुम्ही फक्त चष्मा काढून टेबलावर ठेवा. पुढचं माझ्यावर सोडा.

काय करायचं माहितीये? बटण एका दमात खाली आणलं तर माणूस ओरडतो, ‘माईक गेला, माईक गेला’, आणि झोपलेले जागे होतात. ते अडाण्याचं काम. मी केसभर आणतो. बोलणाऱ्याने श्वास घेतला की केसभर खाली. पुन्हा श्वास, पुन्हा केसभर. आधी आवाजातली धार काढायची, शब्द बोथट करायचे, मग हळूहळू सगळाच उतरवायचा. त्याला पत्ता लागत नाही! मागच्यांना ऐकू येईनासं होतं, ते चुळबुळ करायला लागतात, खुर्च्या वाजतात. ती चुळबुळ दिसली की बोलणाऱ्याचा धीर सुटतो. त्याला वाटतं, आपलंच काही चुकलं, लोकांना कंटाळा आला. मग ‘एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो’ — आपण होऊन बसतो! आणि घरी जाऊन सांगतो, आज जरा घसा साथ देत नव्हता. तुमचे प्राध्यापक गाळापर्यंत आले आणि बसले ना खाली? आपोआप बसले का ते? ती मच्छीमारांची बाई, मुठी आवळून उठली होती, काय त्वेष होता — आणि शेवटी कशी पुटपुटत बसली? आणि सिमेंटवाला सुद्धा हं! त्यालाही उतरवला. जरा उशिरा उतरवला असेल, पण उतरवला. आता चष्मा कोणाच्या वेळी किती वेळा टेबलावर आला ते मी काय मोजत बसलो होतो? मी चष्मा बघितला, बटण फिरवलं. माझा काय संबंध?

अहो उठलात काय? बसा. बसा, सर. भोंगे हवेत ना? मग बसा. आणि हे बाहेर बोलून काही उपयोग नाही, मी सरळ कानावर हात ठेवीन. माईकवाल्याने आवाज कमी केला — याला पुरावा काय आणणार तुम्ही? रेकॉर्डिंग आहे, पण रेकॉर्डिंगमध्ये माणूस हळू बोलला एवढंच ऐकू येतं. तेवढी सफाई आहे माझ्या हातात. उगीच का सगळे मला बोलावतात?

त्या वायरींकडे बघताय होय? गुंता झालाय, दिसतंय मला. सुनावणीहून आणल्या तशाच टाकल्यात. वायर गुंडाळायचं काम तिचं. मी गुंडाळतो ती कोपराभोवती, सगळे गुंडाळतात तशी, आणि मग सोडताना गाठीच गाठी. ती जमिनीवर आठाच्या आकड्यात घालते. एक वेढा असा, एक उलटा. बघायला वेळ लागतो, पण टोक धरून फेकली की सरळ शेवटपर्यंत जाते, कुठे अडत नाही. मी कितीदा शिकायला बसलो, मला जमलं नाही — म्हणजे मी मनावर घेतलं नाही. ती असताना मला काय गरज? सगळ्या सभांना यायची पूर्वी. मी बटणापाशी, ही शेजारी पाटावर, वायर सांभाळत. सगळी भाषणं हिनेही ऐकलीयेत. एक अक्षर बोलायची नाही त्यावर. मी आवाज उतरवायला लागलो की फक्त माझ्या हाताकडे बघायची. माणसाकडे नाही, हाताकडे. मी म्हणायचो, काय बघतेस? म्हणायची, काही नाही.

तुम्ही पुढच्या रांगेतच होतात ना, शेवटपर्यंत? नाही, सहज विचारलं.

मी मागे होतो. अगदी मागे, खांबाच्या आड, आवाजाच्या मशीनपाशी, कानावर हेडफोन. लोकांना वाटतं माईकवाल्याला सगळं ऐकू येतं. माईकमधून जेवढं येतं तेवढंच येतं हो. वर पंखे घरघरत होते, मध्ये सगळं गाव बसलं होतं. माईकशिवाय पुढे कोणी काही बोललं तर पुढच्या रांगेला ऐकू येणार, मला नाही. मला नुसती तोंडं हलताना दिसणार. तुमच्या लोकांनी अशी तोंडं हलवत किती वेळ घालवला असेल, देव जाणे.

हो. बोलली ती. तुम्ही होतात, तुम्हाला माहितीच आहे, मग लपवून काय करू? माझी बायको बोलली. मला आधी काही सांगितलं नव्हतं. सकाळी माझ्याबरोबर आली, वायरी टाकल्या, पाटावर बसली, आणि मग पाहतो तर पाट रिकामा. आणि ही पुढे, माईकसमोर! चार माणसांत ‘हो’ म्हणायला जिला लाज वाटते ती सगळ्या गावापुढे उभी. साहेबांच्या समोर, सिमेंटवाल्यासमोर, तुम्हा शहाण्यांसमोर — ही काय बोलणार? म्हातारीने शिकवून पाठवलं असणार, असं मला वाटलं. आता माझ्या तोंडावर माझ्या विरोधात बोलणार. आईचं घर, नळ नको, आणि काय काय.

थांबा, ऐकवतो. नाही, ऐकाच. ऑफिसला द्यायचं रेकॉर्डिंग आहे, माझ्याकडेही ठेवलंय. — हे प्राध्यापक, हे सोडा. हे सिमेंट. हां. ही.

‘माझं माहेर वर आहे, धरणात जाणारं. सासर इथे खाली आहे, पुरात जाणारं. मी कुठूनही बोलले तरी माझंच घर बुडतंय.’

लोक हसले, ऐकलंत? हसले, पण वाईट नाही हसले. — तर ही पुढे काय म्हणते बघा, ‘मी आज सासरचं सांगते. मागच्या पुरात आमचे हे मशीन डोक्यावर घेऊन दुकानात उभे होते. पाणी कमरेच्या वर. मी मागून ह्यांचा सदरा धरून होते. आणि ते मशीन —’

इथून बघा. इथून ऐका. हळू होतं. ‘ते मशीन…’ — आता शब्द लागत नाहीत. लागतात का तुम्हाला? मला नाही लागत. मी कान लावून लावून ऐकलंय, सकाळी दुकान उघडलं की ऐकतो, आवाज पूर्ण वर नेऊन ऐकतो, नुसती खरखर वर येते. आणि मग हे — टक. ऐकलंत? टक. तो माईक टेबलावर ठेवल्याचा आवाज. आपटला नाही. ठेवला. तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं, एवढ्या सगळ्या डोक्यांवरून, खांबाच्या आड मी कुठे आहे ते तिला बरोबर माहीत — आणि माईक ठेवला. त्या हॉलमध्ये तिला एकटीलाच माहीत होतं ना, आपला घसा बसलेला नाही ते. मग ती बोलली. माईकशिवाय. साहेबांनी काहीतरी विचारलं, हिने काहीतरी सांगितलं, आणि ही सरळ बाजूच्या दाराने बाहेर गेली. घरी आली नाही. वर गेली, आईकडे. फोन वाजतो, उचलत नाही. उचलते म्हातारी आणि म्हणते, ‘जावईबापू, आवाज येत नाहीये तुमचा.’ येत असतो हो! चांगला येत असतो.

सवयीने हात गेला. दुसरं काय? साहेबांनी चष्मा काढला, हात गेला. इतक्या वर्षांची सवय, समोर कोण आहे ते हात बघतो का? माझ्या जागी कोणीही —

मशीनचं तुम्हाला माहीत असेल. सगळ्या गावाला माहितीये, सगळं गाव हसलं होतं. नवंकोरं मशीन, डोक्यावर धरून उभा होतो, पाण्याला जोर आला आणि हातातून निसटलं. गेलं. चिखलात सापडलं तेव्हा त्यात बेडूक होता. ‘काय रे, भोंगेवाल्या, तुझं मशीन पोहायला गेलं?’ — अजून विचारतात. निसटलं म्हणून मीच सांगितलं सगळ्यांना. आणि पाणी उतरल्यावर मी या पायरीवर बसून रडलो. मोठ्याने. ते कोणाला माहीत नाही. तिला माहीत. आता तिने माईकवर ‘मशीन’ म्हटल्याबरोबर मला काय वाटणार? आता ही तेच सांगणार. सगळ्या गावासमोर, साहेबांसमोर, माझ्याच भोंग्यातून — आमचे हे रडले. घ्या, म्हणजे उरलीसुरली अब्रूही गेली.

तर हात — नाही, चष्मा काढलाच होता साहेबांनी. काढलाच असणार. एवढा वेळ बोलली ती. एवढा म्हणजे — बाकीच्यांच्या मानाने नसेल एवढा. पण काढला असणार. मी नीट बघितलं नाही, तेव्हा मी तिच्याकडे बघत होतो, पण… तुम्ही पुढे होतात, सर. टेबलासमोर. सांगा की. चष्मा टेबलावर होता ना?

आठवून सांगा. घाई करू नका.

डोळ्यावर होता.

नक्की? पूर्ण वेळ? — म्हणजे तिच्याकडे बघत होते ते? ऐकत होते? लिहून घेत होते? बरं. बरं, मान नका हलवू सारखी, कळलं मला. डोळ्यावर होता. चष्मा कधी काढतात आणि कधी लावतात याचा काही भरवसा असतो का अशा माणसांचा. जाऊ द्या.

काय म्हणाली ती?

माईक ठेवल्यावर. तुम्हाला ऐकू गेलं असणार. मी दोघांतिघांना विचारलं. ऑफिसचा शिपाई म्हणतो, काही नाही हो, घरगुती बोलल्या. ती मच्छीमार बाई मला बघून थुंकते, तिला काय विचारणार? सिमेंटवाला म्हणतो, माझं लक्ष नव्हतं — त्याचं कधी कोणाकडे असतं? तुम्हीच राहिलात. खरं सांगू, तुम्ही दारात दिसलात तेव्हाच मला वाटलं होतं, यांना विचारू. भोंग्यांचं नंतर बघू. रडल्याचं सांगितलं ना तिने? सांगितलंच असेल तर सांगा, मला काही वाटणार नाही. गाव हसतंच मला, आणखी थोडं हसेल.

नाही सांगितलं?

मग?

‘ते मशीन निसटलं नव्हतं.’

असं म्हणाली? एवढंच? सगळ्यांसमोर?

… निसटलं नव्हतं, सर. पाण्याने तिचे पाय उचलले. सदरा सुटला तिच्या हातून. अशी गेली ती, त्या दारापर्यंत. माणूस धरायला दोन हात लागतात. दोन. मग मशीन कुठे ठेवणार? — हे काय कोणाला सांगायचं असतं? बायकोसाठी मशीन सोडलं म्हणून? गावात तोंड दाखवायला जागा राहिली असती का? निसटलं म्हणून मोकळा झालो. आणि ही — ही हे सांगायला उभी राहिली होती? धरणासाठी? म्हणजे खालच्या लोकांचं काय जातं ते साहेबांना कळावं म्हणून? म्हणजे माझ्या बाजूने बोलत होती? आईचं घर जाणार असूनसुद्धा?

आणि मग साहेबांनी काय विचारलं? तेही सांगा. आता सगळंच सांगा.

बाजूने का विरोधात. हं. त्यांना तेवढंच लिहायचं असतं, एक रकाना. मग? काय लिहा म्हणाली?

काय?

पुन्हा म्हणा.

‘आत्तापर्यंत बाजूने होते.’

…

नाही, काही नाही. पंखा लावू का? नको. बरं. — रेकॉर्डिंग चालूच राहिलंय बघा, बंद करतो. आत्तापर्यंत. असं म्हणाली आणि बाजूच्या दाराने गेली. आणि मी मागे बसून पुढच्या माणसासाठी आवाज पुन्हा वर चढवत होतो.

तर रविवार. चार भोंगे, दोन माईक, घेऊन जा. शनिवारीच न्या, मी असेन नसेन, कुलूप लावणार नाही. वायरींचा गुंता तुमच्या पोरांकडून सोडवून घ्या, मला जमत नाही. आणि बटणापाशी मी बसणार नाही. तुमच्यातलं कोणीतरी बसवा. त्यात काही विद्या नाही, हे गोल बटण, सभेच्या सुरुवातीला उजवीकडे फिरवायचं, शिट्टी वाजायला लागली की तिथे थांबायचं. मग हात काढून घ्यायचा. सभा संपेपर्यंत हात लावायचा नाही. कोणी कितीही वेळ बोलो, प्राध्यापक माशांवर मरेपर्यंत बोलोत, हात लावायचा नाही. बोलणाऱ्यांत कोण कोण — नको. सांगू नका. मला नका सांगू.

वर जायची शेवटची गाडी किती वाजता असते हो? राहू दे, मी विचारीन कोणाला तरी. उठा आता. बोलायला आलात की तुम्हा लोकांचा पाय निघत नाही. अहो उठा, सर, स्टूल तिथेच राहू द्या, जा. जा म्हणतो ना.